वाचकांचे प्रश्न : रुग्णाची चिठ्ठी पुढे पोहोचते का?

आरोग्यसेवेतील नवी तंत्रे आणि वेगवेगळ्या सेवांची एकमेकींशी जोडणी या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत कार्ड, ॲप आणि यंत्रांविषयी पुष्कळ विचारणा आहे. पण पत्रे नीट वाचली की बहुतेकांची अडचण एकच असल्याचे दिसते : एका ठिकाणी झालेली तपासणी दुसऱ्या ठिकाणी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून उत्तरे देताना प्रत्येक साधन मी एकाच कसोटीवर तपासले आहे. त्या साधनामुळे पुढच्या डॉक्टरांना, परिचारिकेला किंवा आशाताईला रुग्णाबद्दल नेमके काय कळते आणि कळल्यावर त्यांच्या हातून काय होऊ शकते, ही ती कसोटी. काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात, त्रास वाढला की कऱ्हाडला खासगी डॉक्टरांकडे नेतो, मध्यंतरी ग्रामीण रुग्णालयातही दाखवले होते. प्रत्येक ठिकाणी नवा केस पेपर आणि पुन्हा रक्ततपासणी. आता पायांवर सूज येऊ लागली म्हणून आणखी एका डॉक्टरांनी लघवीची गोळी सुरू केली आहे. ‘आभा’ कार्ड काढले तर ही फरफट थांबेल का? आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे. ते हेच की वेगळे?
— एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर : दोन्ही कार्डे पूर्णपणे वेगळी आहेत आणि नावांच्या सारखेपणामुळे हा घोळ सर्वत्र होतो. आयुष्मान कार्ड हे उपचारांच्या खर्चासाठी आहे. महाराष्ट्रात प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना एकत्रितपणे राबवल्या जातात आणि योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. आपल्या वडिलांचे वय ७० च्या पुढे असल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डही त्यांना काढता येईल. त्याला उत्पन्नाची अट नाही. मात्र बाह्यरुग्ण विभागातून दरमहा घ्यावयाच्या गोळ्यांचा खर्च यांतून भागत नाही.

‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आहे. त्यातून एक रुपयाही मिळत नाही. तो रुग्णाच्या नोंदी एकमेकींशी जोडण्यासाठी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो पाया मानला जातो. आपले सर्व अहवाल दिल्लीतील एखाद्या मोठ्या संगणकात जमा होतात, अशी समजूत आढळते, ती बरोबर नाही. नोंद ज्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत तयार झाली तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर रुग्णाच्या मोबाइलवर विनंती येते आणि रुग्णाने ठरावीक मुदतीपुरती संमती दिल्यावरच ती दिसते. दिलेली संमती मागेही घेता येते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की कार्ड जरूर काढावे, पण केवळ ते काढल्याने फरफट थांबणार नाही. वडील ज्या चार ठिकाणी जातात ती चारही ठिकाणे या व्यवस्थेला जोडलेली असतील आणि तिथे प्रत्येक भेटीची नोंद संगणकात होत असेल, तरच साखळी पूर्ण होते. खासगी दवाखान्यांत अजूनही पुष्कळदा हाताने लिहिलेली चिठ्ठी हीच एकमेव नोंद असते. सरकारी रुग्णालयात आभा क्रमांक दाखवून रांगेशिवाय केस पेपर निघाला म्हणजे जोडणी झाली, असे समजू नये. तो नावनोंदणीचा भाग झाला. मागच्या महिन्यातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) समोरच्या डॉक्टरांना दिसले, तर जोडणी झाली.

आता पायांच्या सुजेकडे वळतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटली. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन हे औषध सरकारी केंद्रांतून सर्रास दिले जाते. खासगी डॉक्टरांनी वेगळ्या ब्रँडची गोळी लिहिली असेल आणि त्या गोळीत टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाबरोबर पुन्हा ॲम्लोडिपिनच असेल, तर रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेतो. घोट्यांवर सूज येणे हा या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे आणि तो मात्रेनुसार वाढतो. ती सूज नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते. त्या गोळीने सोडियम आणि पोटॅशियम कमी होऊ शकते, म्हातारपणी अशक्तपणा येतो, चक्कर येते आणि त्यासाठी पाचव्या डॉक्टरांकडे जाणे होते. आपल्या वडिलांच्या बाबतीत असेच घडले आहे, असे पत्रावरून म्हणता येणार नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या विकारानेही सूज येते. परंतु घरातील सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्यांसह, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि त्यांच्याकडून घटक औषधांच्या नावाने एक यादी लिहून घ्यावी. पट्टीवर ब्रँडच्या नावाजवळच बारीक अक्षरांत घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये.

ती यादी, शेवटचा ईसीजी, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी, क्रिएटिनिन आणि कधी दाखल केले असल्यास डिस्चार्ज कार्ड, एवढी कागदपत्रे एका फाइलमध्ये असली की निम्म्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. त्यांचेच फोटो आभाच्या ॲपमध्ये आपले आपण चढवता येतात.

प्रश्न : आमच्या भागातील आरोग्य केंद्रात छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी काढतात आणि तो म्हणे बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवतात. तिथे हृदयरोगतज्ज्ञ नसताना ईसीजीवर वेळ घालवण्यापेक्षा रुग्णाला थेट गाडीत घालून बांबोळीला नेलेले बरे नव्हे का?
— एक वाचक, वाळपई, गोवा

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि पूर्वीच्या परिस्थितीत ती बरोबरही ठरली असती. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते तेव्हा तिच्यापुढील स्नायू मरू लागतो आणि पहिल्या एक-दोन तासांत वाहिनी उघडली तर सर्वाधिक फायदा होतो. वाहिनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत : कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांवर उपचार करण्याच्या खास कक्षात, नेऊन अँजिओप्लास्टी करणे (फुग्याने वाहिनी उघडणे) किंवा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे. निदान झाल्यापासून साधारण दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच श्रेयस्कर. ते शक्य नसेल तर इंजेक्शन लवकरात लवकर, रुग्ण दारात आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत देण्याचे उद्दिष्ट ठेवतात. वाळपईहून बांबोळी तासाभराच्या आसपासचा रस्ता आहे. त्यात गाडी मिळणे, कॅज्युअल्टीतील गर्दी आणि कॅथलॅब तयार होणे यांची भर घातली की दोन तास कधी उलटून जातात ते कळत नाही.

गोव्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘स्टेमी’ (अशा झटक्याचे वैद्यकीय नाव) प्रकल्पाची रचना याच हिशेबावर बेतलेली आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे केंद्र, आणि तालुक्यांतील रुग्णालये व आरोग्य केंद्रे त्याला जोडलेली. ईसीजी काढताच तो ऑनलाइन जातो आणि संगणकाच्या साहाय्याने तज्ज्ञ तो वाचून काही मिनिटांत निदान कळवतात. पूर्ण बंद झालेल्या वाहिनीचा झटका असेल, तर तेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत देण्याची सोय आहे. वजनानुसार मात्रा ठरवून ते शिरेतून एकाच वेळी देता येते, तासभर सलाइनमधून सोडावे लागत नाही, म्हणून लहान केंद्रासाठी ते विशेष सोयीचे आहे. त्यानंतर १०८ च्या रुग्णवाहिकेतून रुग्ण गोमेकॉत जातो आणि तिथे पुढच्या ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

या साखळीत ईसीजी पाठवणारे यंत्र हा तुलनेने सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. अलीकडे म्हणजे, छातीत दुखते असे सांगणाऱ्या माणसाला केस पेपरच्या रांगेत उभे न करता दहा मिनिटांच्या आत पलंगावर घेऊन ईसीजीच्या तारा लावणारी परिचारिका हवी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही रुग्णांमध्ये छातीत न दुखता नुसता घाम, धाप किंवा पोटात जळजळ असू शकते, हे तिला शिकवलेले हवे. पलीकडे म्हणजे, इंजेक्शन फ्रीजमध्ये किंवा कपाटात प्रत्यक्ष असायला हवे आणि ते देण्याचा निर्णय घेण्याचे धैर्य तिथल्या तरुण डॉक्टरांना यायला हवे. नुकताच पक्षाघात झालेला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा कुठे रक्तस्राव होत असेल, तर हे औषध जीवघेणे ठरू शकते. फोनच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचा हृदयरोगतज्ज्ञ ‘द्या, मी आहे’ असे म्हणतो तेव्हा तो निर्णय होतो. माझ्या मते या प्रकल्पाचे खरे मर्म त्या वाक्यात आहे. नुसती टेलि-ईसीजी यंत्रे वाटून अशी साखळी उभी राहत नाही.

इंजेक्शननंतर सुमारे दीड तासाने दुसरा ईसीजी काढून वाहिनी उघडल्याची लक्षणे दिसतात का, ते पाहतात. दिसली नाहीत तर रुग्णाला तातडीने कॅथलॅबमध्ये घ्यावे लागते. हा दुसरा ईसीजी पुष्कळदा रुग्णवाहिकेत किंवा गोमेकॉत पोहोचल्यावर काढला जातो, त्यामुळे पहिल्या ईसीजीची प्रत आणि इंजेक्शन दिल्याची वेळ रुग्णाबरोबर गेलीच पाहिजे. नातेवाइकांनी ती चिठ्ठी मागून घ्यावी. छातीत दुखू लागल्यावर दुचाकीवर मागे बसवून नेणे टाळावे आणि १०८ ला फोन करावा. ‘गॅस असेल, सकाळपर्यंत बघू’ या विचारात जितका वेळ जातो तितका कोणत्याही यंत्राला भरून काढता येत नाही.

प्रश्न : मी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आमच्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी आहे. रोज ई-संजीवनीवरून (दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणाऱ्या सरकारी सेवेवरून) ठरलेल्या संख्येइतके सल्ले व्हावेत, अशी अपेक्षा असते. नेटवर्क दुपारनंतर जाते. त्याशिवाय असंसर्गजन्य आजारांचे पोर्टल, माता-बालकांचे, क्षयरोगाचे, लसीकरणाचे, औषधसाठ्याचे, अशा सगळ्या नोंदी वेगवेगळ्या. रजिस्टरे तर आहेतच. रुग्ण तपासू कधी? तंत्रज्ञानाने काम सोपे होते, असे लिहिणाऱ्यांनी एक दिवस इथे येऊन बसावे.
— एक वाचक, धडगाव तालुका, जि. नंदुरबार

उत्तर : आपले पत्र संपादकांनी तसेच छापावे, अशी मी विनंती केली. एकाच गरोदर मातेचे नाव, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक चार ठिकाणी टंकायला लावणारी व्यवस्था एकात्मिक नाही, मग तिच्या प्रत्येक पडद्यावर एकाच मोहिमेचे बोधचिन्ह का असेना. पोर्टले वरच्या कार्यक्रमांनुसार तयार झाली. क्षयरोगाचा विभाग वेगळा, लसीकरणाचा वेगळा, प्रत्येकाचा निधी आणि आढावा वेगळा. खाली मात्र हे सगळे विभाग उपकेंद्रातील एकाच टेबलावर आणि एकाच माणसाच्या हातात येऊन मिळतात. डोंगरी आणि आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. त्या ३,००० लोकांची एकच यादी असावी आणि तिच्यातून प्रत्येक कार्यक्रमाने आपल्याला हवे ते उचलावे, ही मागणी आपल्यासारख्यांनी आढावा बैठकीत पुन्हा पुन्हा मांडायला हवी.

ई-संजीवनीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिची सुरुवात झाली ती आपल्यासारखा कर्मचारी रुग्णाजवळ बसून दूरच्या डॉक्टरांशी बोलतो, या स्वरूपात. रुग्णाने घरूनच बोलण्याची सोय टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये आली. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे नर्मदेच्या फुगवट्यातील गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो, तिथे पहिल्या स्वरूपाला पर्याय नाही, कारण रुग्णाला हात लावून पाहणारे कोणीतरी तिथे आहे. त्या हाताची नोंद जितकी नेमकी, तितका सल्ला उपयोगी. कॉल जोडण्यापूर्वी ताप, नाडी, मिनिटाला श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर कागदावर लिहून ठेवावी, आणि त्याखाली आपल्या कपाटात आज कोणती औषधे आहेत तेही लिहावे. उपकेंद्रात नसलेले औषध पडद्यावर लिहून आले तर रुग्णाचा दिवस फुकट जातो. मुलाला झटके येत आहेत, बाळ अंगावर पीत नाही, गरोदर बाईचा रक्तदाब फार वाढून डोके दुखते आहे, छाती आत ओढली जाते आहे, अशा रुग्णांसाठी कॉल लागण्याची वाट पाहू नये. गाडी मागवावी आणि ती येईपर्यंत वरच्या डॉक्टरांना फोनवरून कल्पना द्यावी. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या दूरवैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही दूरवरून सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष पाठवायला हवे, हे ठरवणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. त्यामुळे ‘पाठवा’ हाही पूर्ण सल्ला समजला गेला पाहिजे.

सल्ल्यांच्या संख्येचे लक्ष्य मला मुळातच चुकीचे वाटते. संख्या मागितली की सर्दीचे रुग्ण पडद्यापुढे बसवले जातात. त्याऐवजी मागच्या महिन्यात सल्ला मिळालेल्यांपैकी कितीजण परत आले आणि कितीजणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, असे विचारले जावे. हे अशक्य नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात आपल्याकडील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीच्या टप्प्यात होते, तेच मोजले गेले. ठरलेली मोजकी औषधे ठरलेल्या क्रमाने, रुग्णाच्या घराजवळ एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, आणि रुग्णाच्या हातात एक कार्ड. अनेक ठिकाणी त्या कार्डावरील चौकोनी कोड फोनने वाचला की मागचे रक्तदाब दिसतात, नवा आकडा भरायचा आणि झाले. महिना उलटूनही न आलेल्यांची यादी ॲप स्वतः काढते आणि परिचारिका त्यांना फोन करते. तिच्यासाठी काम करणारे ॲप आणि तिला कामाला लावणारे ॲप यांतला फरक ज्या अधिकाऱ्याला पाहायचा असेल, त्याने ही यादी पाहावी.

प्रश्न : ड्रोनने लस आणल्याची बातमी आमच्या भागात खूप गाजली होती. पुढे ते ड्रोन नेहमी दिसले नाहीत. हा केवळ देखावा होता का?
— एक वाचक, जव्हार, जि. पालघर

उत्तर : २०२१ च्या अखेरीस जव्हारहून झाप येथे ड्रोनने कोविड लशीच्या सुमारे ३०० मात्रा नेण्यात आल्या. वीसेक किलोमीटरचे अंतर दहा मिनिटांच्या आत कापले गेले. प्रयोग म्हणून त्याला देखावा म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात रस्ता तुटलेल्या गावाला सर्पदंशावरील प्रतिविष किंवा रक्ताची पिशवी तातडीने हवी असते, तेव्हा अशा वाहतुकीचे मोल मोठे आहे. रोजच्या लशीसाठी मात्र अडचण बहुधा अंतराची नसते, थंडाव्याची असते. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. त्या गरम होऊन खराब होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील एकत्रित लस) किंवा हिपॅटायटिस-बीसारख्या लशी गोठूनही निकामी होतात, याकडे दुर्लक्ष होते. फ्रीजरमधून काढलेला आईस पॅक लगेच डब्यात ठेवला तर कुपी त्याला चिकटून गोठते. म्हणून परिचारिका तो काही वेळ बाहेर ठेवते, मग कानाजवळ हलवून पाहते; आत पाणी खळखळले की तो वापरण्याजोगा झाला. शीतसाखळीच्या फ्रीजमधील तापमान आणि साठा दूरवरून मोबाइलवर दिसावा यासाठी २०१५ पासून ‘ई-विन’ ही व्यवस्था आली आणि तापमान बिघडले की संबंधितांना संदेश जाऊ लागला. तिची बातमी होत नाही, पण तिचा उपयोग रोज होतो.

नवकल्पना म्हणजे उडणारे किंवा चमकणारे काही असावे लागत नाही, याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीचे आहे. तिथे ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील निरक्षर दाईंना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण केले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर आले तर श्वास जलद आहे. ज्या बाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते, तिला साठ श्वासांचे निदान करता आले. याच संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवले, त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांतून दिसले. आज आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्ता एक्स-रे पाहून क्षयरोग सांगते, असे वाचले. मग क्ष-किरणतज्ज्ञांची गरज उरणार नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संगणक क्षयरोग ‘सांगत’ नाही, संशयाचे गुण देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे आणि त्यापुढील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेसाठी अशा वाचनास मान्यता दिली ती चाळणी म्हणून. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयरोगाचे व्रण किंवा खाणीतल्या धुळीने झालेली फुप्फुसे पाहूनही यंत्र खूण करते. त्यापुढे थुंकीची तपासणी हवीच. तिथे आपल्याच शेजारच्या गोव्यातील कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र उपयोगी पडते. जंतूंचा अंश आणि त्यानंतर रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाला दाद न देण्याची खूण ते तालुक्याच्या प्रयोगशाळेतच दाखवू शकते. हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र, संगणकाचे वाचन आणि ट्रूनॅट हे तिन्ही एकाच वस्तीत एकाच दिवशी पोहोचले तर सकाळी संशयित ठरलेल्या माणसाचे निदान संध्याकाळपर्यंत होऊ शकते. एक्स-रे आज आणि थुंकीसाठी पुढच्या आठवड्यात तालुक्याला या, असे झाले तर रोजंदारीवरचा माणूस येत नाही, आणि यंत्राची सगळी हुशारी वाया जाते.

निदान झाल्यावर रुग्णाची ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते. खासगी डॉक्टरांनाही ती करणे बंधनकारक आहे. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाली आहे. तिच्यासाठी ही नोंद आणि चालू बँक खाते लागते. तज्ज्ञांची चिंता करू नये, अवघड एक्स-रे त्यांच्याकडे येतच राहणार आहेत.

प्रश्न : सर्व नोंदी ऑनलाइन झाल्यावर त्या चोरीला गेल्या तर? आणि माझ्याच नोंदी मला मिळत नसतील तर काय करावे? एका खासगी रुग्णालयाने आईची कागदपत्रे देण्यास टाळाटाळ चालवली आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली. म्हणून प्रत्येक रुग्णालयाला वेगळी सुरक्षित प्रत ठेवावीच लागेल आणि संगणक बंद पडल्यावर कागदावर काम कसे करायचे, याचा सरावही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे. एचआयव्ही आणि मानसिक आजारांबाबत २०१७ च्या दोन स्वतंत्र कायद्यांनी गोपनीयतेची तरतूद आधीच केली होती. तरीही माझ्या पाहण्यात माहिती फुटते ती बहुधा अशा हल्ल्यांतून नाही. कुटुंबाच्या, सोसायटीच्या किंवा वॉर्डातील कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अहवालाचा फोटो टाकला जातो, तिथून ती फुटते. ओटीपी सांगून दुसऱ्याकडून आभा काढून घेताना संमतीच्या पानावर काय लिहिले आहे, ते वाचून घ्यावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. बिल बाकी आहे किंवा मोठे साहेब बाहेरगावी आहेत, ही त्यासाठी सबब होऊ शकत नाही. आईच्या सहीने लेखी अर्ज द्यावा. त्यात दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची तारीख व रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक लिहावा, नुसते डिस्चार्ज कार्ड न मागता शस्त्रक्रियेची टिपणे, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांचा तक्ताही मागावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. मुदतीत कागद मिळाले नाहीत तर त्या पोचेची प्रत जोडून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे संबंधित डॉक्टरांविरुद्ध तक्रार करता येते.